भातातले कॅडमियम आणि मातीतला चुना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकायचा. नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण होती. खाणीतला कॅडमियम हा विषारी धातू पाण्यातून खाचरांत आणि खाचरांतून भातात उतरला. वर्षानुवर्षे तो भात खाल्लेल्यांची, विशेषतः उतारवयातल्या बायकांची, हाडे इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनेही मोडत. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हेच त्या आजाराचे नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने तो प्रदूषणाचा आजार असल्याचे मान्य केले.

असा धोका टाळायला मातीत चुना, सिलिकॉन, बायोचार (जैविक कोळसा) असे भूसुधारक मिसळून धान्यात चढणारे धातू कमी करता येतात. मात्र या उपायांबद्दलचे काही समज घातक आहेत.

गैरसमज: भूसुधारक टाकले की माती धातूमुक्त होते.

वस्तुस्थिती: धातू कुजत नाही, जळत नाही, जिवाणू त्याला संपवत नाहीत. चुन्याने आम्ल मातीचा सामू (pH) वाढतो, कॅडमियम मातीच्या कणांना घट्ट धरून राहते आणि मुळांच्या हाती कमी लागते. धातू तिथेच असतो, फक्त बांधलेला. युरिया किंवा अमोनियम सल्फेटच्या सततच्या वापराने माती पुन्हा आम्ल झाली की तो सुटतो. म्हणून सामू तपासत राहून चुना पुन्हा द्यावा लागतो. जिंझूच्या खोऱ्यात बाधित थर बाजूला करून किंवा गाडून वर स्वच्छ माती घालावी लागली. १९७९ला सुरू झालेले हे काम २०१२ साली संपले आणि त्यात सुमारे ८६३ हेक्टर शेती पुन्हा उभी राहिली.

गैरसमज: एकच उपाय सगळ्या धातूंवर चालतो.

वस्तुस्थिती: इथेच सर्वांत मोठी चूक होते. फॉस्फेट शिशाला न विरघळणाऱ्या रूपात बांधते, पण तेच फॉस्फेट मातीच्या कणांवर बसलेल्या आर्सेनिकला हुसकावून मोकळे करू शकते. खाचरात पाणी उभे असले की हवा तुटते, कॅडमियम गंधकाशी बांधले जाते आणि भातात कमी उतरते. त्याच पाण्यात आर्सेनिक मात्र सुटे होते. चीनच्या हुनान प्रांतात कॅडमियमची अडचण आहे. तिथे कमी कॅडमियम शोषणारे वाण, खाचरात टिकवलेले पाणी आणि चुना अशी तिहेरी जोड दिली जाते. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात भूजलातून आर्सेनिक येते. तिथे खाचर अधूनमधून सुकू देणे हिताचे ठरते. आर्सेनिक भाताच्या मुळात सिलिकॉनच्याच वाटेने शिरते. म्हणून सिलिकॉनयुक्त तूस किंवा तुसाची राख मातीत मिसळली की ती वाट सिलिकॉनने व्यापली जाते.

गैरसमज: चुना कुठल्याही जमिनीला चांगलाच.

वस्तुस्थिती: चुन्याचे काम आम्ल जमिनीत. कोकणातल्या जांभ्या मातीत त्याला अर्थ आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू आधीच चढा असतो. तिथे आणखी चुना टाकला तर पिकाला हवे असलेले जस्त आणि लोहच अडकून बसते.

गैरसमज: सेंद्रिय खत आहे, म्हणजे धोका नाही.

वस्तुस्थिती: चांगले कुजलेले शेणखत धातू धरून ठेवायला मदत करते. पण शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये बॅटरी, रंग, इलेक्ट्रॉनिक भंगार यांचे अंश मिसळलेले असू शकतात. म्हणूनच भारताच्या खत नियंत्रण आदेशात अशा कंपोस्टला किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि शिसे १०० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय असे खत शेतात पसरू नये.

गैरसमज: पीक जोमदार आहे, म्हणजे धान्यही चांगले.

वस्तुस्थिती: माणसाला अपायकारक ठरेल इतके कॅडमियम दाण्यात असूनही भात हिरवागार दिसू शकतो. कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार पॉलिश केलेल्या तांदळात किलोमागे ०.४ आणि गव्हात ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम ही कमाल मर्यादा. एवढीशी मात्रा ना डोळ्यांना दिसते, ना जिभेला कळते. शरीरात शिरलेले कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठत राहते.

गैरसमज: माती परीक्षण केले आहे, आता काळजी नाही.

वस्तुस्थिती: मृद आरोग्य पत्रिकेत १२ बाबी तपासल्या जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक त्यात नाहीत. त्यांची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

तुमच्या शेताशेजारी खाण, कारखाना किंवा सांडपाण्याचा नाला असेल, तर आधी माती, पाणी आणि धान्य तिन्ही तपासा. कोणता धातू आहे आणि जमिनीचा सामू किती, हे कळल्यावरच भूसुधारक निवडा. आणि धातू जिथून येतो ते तोंड बंद करण्याचा आग्रह सोडू नका, कारण वरून विष येतच राहिले तर कितीही चुना टाकला तरी अपुराच पडेल.