भाड्याच्या घराचे खरे उत्पन्न

मुंबईत 80 लाखांची सदनिका भाड्याने देण्यासाठी घेताना केवळ किंमत वाढण्याच्या आशेवर विसंबणे धोक्याचे आहे. 6 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30,000 रुपये नोंदणी शुल्क धरल्यास खर्च 85 लाख 10 हजारांवर जातो, आणि ही वरची रक्कम बँका सहसा कर्जात धरत नसल्याने ती खरेदीदाराला स्वतःच उभी करावी लागते. महिना 20,000 भाडे मिळाल्यास ढोबळ परतावा, म्हणजे वार्षिक भाड्याचे किमतीशी प्रमाण, 3 टक्के दिसतो. पण एक महिना घर रिकामे राहिले आणि सोसायटीचे 36,000 व मालमत्ता कराचे 12,000 मालकाने भरले, तर हाती 1 लाख 72 हजार, म्हणजे एकूण खर्चाच्या जेमतेम 2 टक्के उरतात. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी 60 लाखांचे कर्ज काढल्यास मासिक हप्ता सुमारे 52,000 रुपयांचा बसतो आणि पहिल्या हप्त्यातील 42,500 रुपये निव्वळ व्याजात जातात. हप्ता आणि भाडे यांतील 32,000 रुपयांची ही तूट पगारातून वर्षानुवर्षे भरून काढता येईल का, हा प्रश्न विसार देण्यापूर्वीच, घरातल्या सर्वांनी एकत्र बसून सोडवायला हवा.