यकृताचा कर्करोग आणि रक्ताची साक्ष

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे गाव भाविकांस ठाऊक आहे ते जमिनीखाली पायऱ्या उतरून घ्यावयाच्या चिंतामणीच्या दर्शनामुळे. परंतु यकृताच्या विकाराने गांजलेल्या तेथील माणसाची वाट यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे, सेवाग्रामकडे किंवा नागपूरकडे वळते, आणि त्याच्या फायलीत सर्वांत आधी लागलेला कागद असतो तो सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या गणनेचा. हिमोग्लोबिन तेवढे पाहून बाजूस सारल्या जाणाऱ्या या स्वस्त कागदावर यकृताच्या कर्करोगाच्या पुढील गतीविषयीही काही नोंद असते, असे अलीकडच्या संशोधनातून निष्पन्न झाले आहे.

यकृत हे केवळ पचनाचे इंद्रिय नव्हे. आतड्यांतून निघालेले रक्त अन्नरसासह, आणि जंतूंच्या अवशेषांसह, प्रथम तेथे दाखल होते. त्या प्रत्येकावर प्रतिकारशक्तीने हत्यार उपसले तर यकृतच जळून जाईल, म्हणून तिला तेथे स्वभावतःच सबुरीने वागावे लागते. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, अथवा साचलेली चरबी यांमुळे वर्षानुवर्षे दाह चालू राहून यकृत निबर झाले, म्हणजे याच सबुरीचा फायदा कर्कपेशी घेतात.

या झगड्याचे पडसाद रक्तात उमटतात. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल या दाहाच्या पेशी. त्या वाढल्या की गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साहाय्य होते. लिम्फोसाइट या कर्कपेशींना ओळखून मारणाऱ्या. त्या घटल्या की पहारा ढिला पडतो. समजा, एखाद्याच्या अहवालात न्यूट्रोफिल 72 टक्के आणि लिम्फोसाइट 18 टक्के आहेत, तर त्यांचे गुणोत्तर 4 झाले. प्लेटलेट दोन लाख असतील, तर त्या हजारांत धरून, म्हणजे 200 ला 4 ने गुणून, 800 हा अंक मिळतो. शांघायच्या संशोधकांनी 2014 साली हाच हिशेब शस्त्रक्रिया झालेल्या यकृत-कर्करुग्णांस लावला, तेव्हा 330 किंवा त्याहून अधिक अंक असणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले.

तथापि या अंकास निकालपत्र मानणे घोर चूक ठरेल. निबर यकृतामुळे प्लीहा वाढते आणि प्लेटलेट गिळंकृत करते, त्यामुळे रोग बळावलेला असूनही अंक फसवा लहान दिसू शकतो. उलट साध्या तापाने, जखमेने अथवा स्टेरॉइडच्या गोळ्यांनी न्यूट्रोफिल वाढून तो अकारण फुगतो. म्हणून जाणता वैद्य एकाच दिवसाची गणना पाहत नाही. तो गाठीचा आकार, यकृताची उरलेली शक्ती, अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि मागील अहवालांचा कल यांच्यासह तिचा विचार करतो.

अल्फा-फीटोप्रोटीन ही या रोगाची जुनी खूण. 1963-64 मध्ये सोव्हिएत संशोधकांनी प्रथम उंदरांत आणि नंतर माणसांत तिचा छडा लावला. तिलाही मर्यादा आहेत, कारण अनेक रुग्णांत ती वाढतच नाही. मात्र प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे 2020 पासून या कर्करोगाच्या उपचारात अग्रस्थानी आल्यावर युरोपातील संशोधकांनी तिला दाहदर्शक सीआरपीची जोड दिली. अल्फा-फीटोप्रोटीन मिलिलिटरमागे 100 नॅनोग्रॅम आणि सीआरपी डेसिलिटरमागे एक मिलिग्रॅम ही मर्यादा जेथे दोन्ही बाबतींत ओलांडलेली नाही, त्या रुग्णांस या औषधांनी सरासरीने अधिक आयुष्य लाभते, असे त्यांनी 2022 साली प्रसिद्ध केले. ही औषधे इतकी महाग आहेत की शेतकऱ्याच्या घरातील जमिनीचा तुकडा त्यापायी जाऊ शकतो. म्हणूनच कोणास लाभ संभवतो हे आधी सांगणारी स्वस्त चाचणी श्रीमंत देशांपेक्षा आपल्या तालुक्यास अधिक मोलाची आहे, आणि विदर्भातील रुग्णांवर तिची पडताळणी व्हावयास हवी, असे माझे निश्चित मत आहे.

तोवर हाती असलेले उपाय सोडू नयेत. हिपॅटायटिस बीची लस राष्ट्रीय लसीकरणात आहे. बाळास ती जन्मानंतर चोवीस तासांच्या आत मिळाली की नाही, हे प्रत्येक आईबापांनी विचारावे. यकृत निबर झाल्याचे निदान झालेल्याने कावीळ उतरविण्याच्या खटाटोपात दिवस न घालविता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, आणि आपले जुने रक्ताचे अहवाल, कितीही किरकोळ वाटले तरी, फेकून न देता तारीखवार लावून डॉक्टरांपुढे ठेवावेत.