चढावर उघडा पडणारा प्लग

कल्याण-शीळ रस्त्यावर ‘प्रीमियर कॉलनी’ हे नाव अजून टिकून आहे. प्रीमियर पद्मिनी गाडीच्या जमान्यात या भागातला कुठलाही मिस्त्री स्पार्क प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, फिलर गेजने गॅप लावायचा आणि गाडी पुन्हा पळायची. आज त्याच रस्त्यावर नेक्सॉन, व्हेन्यू, फ्राँक्स अशा टर्बो पेट्रोल गाड्यांची रांग असते. त्यांच्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या प्लगवर पॉलिश पेपर चालवला तर टोकावरचा प्लॅटिनम किंवा इरिडियमचा बारीक ठिपकाच जायचा.

टर्बो आणि सुपरचार्जर दोघांचं काम एकच, इंजिनात जादा हवा कोंबणं. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, टर्बो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर. आपल्याकडे सुपरचार्जर तसा दुर्मीळ. जुन्या मर्सिडीजच्या डिकीवर ‘कॉम्प्रेसर’ अशी अक्षरं दिसतात, त्या गाड्या या जातीच्या. प्लगला मात्र हवा कोणी कोंबली याच्याशी देणंघेणं नाही. हवा जितकी दाट, तितका तिच्यातून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतो. म्हणून अशा इंजिनांत गॅप सहसा कमी, ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. साध्या इंजिनात तो १ मिलिमीटर किंवा त्याहून जास्तही असतो.

प्लग झिजतो तेव्हा नेमकं काय होतं? नव्या प्लगच्या टोकाची कड धारदार असते आणि ठिणगी धारेवरून सहज उडते. हजारो किलोमीटरनंतर ती कड गोलसर होते, धातू उडून गॅप वाढतो आणि ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलला जास्त जोर लावावा लागतो. गाडी उभी असताना हे भागून जातं. पण गायमुखच्या चढावर किंवा मुंब्रा बायपासवर ट्रकच्या मागून वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरातला दाब वाढतो, ठिणगी चुकते आणि गाडी झटके खाते. मिस्त्रीच्या भाषेत, ‘मिसिंग मारते’. गॅरेजात नेली की तीच गाडी एकदम गुणी, कारण तिथे इंजिनावर भारच नसतो. तक्रार सांगायची तर मिस्त्रीला शेजारी बसवून चढावर न्या.

मग बदलायचे कधी? मालकाच्या पुस्तिकेतला आकडा पहिला. तो हाताशी नसेल तर माझा ढोबळ हिशेब असा: टर्बो गाडीत साधे निकेलचे प्लग २० हजार किलोमीटरच्या आसपास, इरिडियमचे ४० ते ६० हजारांत. इरिडियम लाखभर चालतो हे ऐकलेलं खोटं नाही, पण ते बहुतेक बिनटर्बोच्या इंजिनाचं.

आणि किलोमीटरचा आकडा ठाणे-डोंबिवलीत अर्धीच गोष्ट सांगतो. ताशी ६० च्या सरासरीने ३० हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे ५०० तास. शिळफाटा-कापूरबावडीच्या कोंडीत सरासरी १५ वर आली की तेच अंतर २००० तासांचं. गाडी जागची हलत नसतानाही ८०० फेऱ्यांवर प्रत्येक प्लग मिनिटाला ४०० ठिणग्या टाकतो, तासाला २४ हजार. या ठिणग्या हलक्या असतात हे खरं. पण प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांवर तापलं तरच त्यावरची काजळी जळून जाते. घर ते डोंबिवली स्टेशन एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते धड तापतच नाही. अशा गाडीचे प्लग सांगितलेल्या आयुष्याच्या निम्म्यावर एकदा काढून बघावेत. चिनीमातीवर फिका तपकिरी रंग असेल तर ठीक. कोरडी काजळी, तेलाचा ओलावा किंवा पांढरी फोड दिसली तर कारण शोधा.

सीएनजीवर चालणाऱ्यांनी मुदत आणखी अलीकडे ओढावी. या वायूला पेटायला जास्त व्होल्टेज लागतो, आणि २०२४ पासून नेक्सॉनमध्ये टर्बो व सीएनजी दोन्ही एकत्र मिळू लागलेत, म्हणजे प्लगवर दुहेरी ताण.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ‘रविवारी बघू’ म्हणू नका. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि त्याच्या किमतीत प्लगचे कित्येक संच येतात.

काम थंड इंजिनावर करून घ्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना पान्हा लावला तर आटे जाऊ शकतात. नवा प्लग आधी हातानेच फिरवायचा, शेवटी टॉर्क पान्हा. खोक्यावरचा नंबर पुस्तिकेशी जुळवा. ट्यूनिंग करून बूस्ट वाढवलेल्या गाडीला एक पायरी ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, प्लग लागू शकतो, पण कंपनीच्या अवस्थेतल्या गाडीत हा शहाणपणा नको.

जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मागून घ्या. सगळे सारखे झिजलेले असतील तर ते वयोमान. एकच काळा निघाला तर दुखणं कॉइलमध्ये, इंजेक्टरमध्ये किंवा आत झिरपणाऱ्या तेलात आहे, आणि नवा प्लगही तिथे तसाच काळा पडेल.