अर्धी भाकर आणि चढता काटा

वर्षावासाचे दिवस होते. विहारात ग्रंथवाचन संपले, बायका आपापल्या चपला शोधू लागल्या, आणि आमच्या नगरातील एक ताई खांबाआड तशाच थांबून राहिल्या. सगळ्या गेल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "मॅडम, मी आर्धी भाकर खायले, तरी वजन वाढायलंय. घरात मला चोरून खाती म्हणून बोलायलेत. तुमी शिकलेल्या बाया, तुमीच सांगा."

ताई एका शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात. त्यामुळे सासूबाईंचा संशय सरळ खिचडीच्या पातेल्यावर. "घरी आर्धी भाकर अन् शाळेत आर्धं पातेलं," असे त्या शेजारणीपाशी म्हणाल्याचे ताईंच्या कानावर आले होते. मुलांच्या तोंडचा घास खाते, हा आरोप गरीब बाईला किती लागतो हे मी वेगळे सांगायला नको.

आणि मी काय म्हणाले? "ताई, कुठेतरी हिशोब चुकत असेल. वहीत लिहून काढा." म्हणजे शब्द मऊ, पण अर्थ सासूबाईंचाच!

आमच्या नांदेडात आणि लातुरात वजन कमी करण्याची जी लाट आली, तिचे मूळ सर्वांना ठाऊक आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्या काळी शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवण उरकण्याची पद्धत गावोगावी नेली. मूळ कल्पना नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांची. ते 2004 साली रस्ता अपघातात गेले. आपण दर वेळी तोंडात काही टाकले की शरीरात इन्सुलिन सुटते, आणि इन्सुलिन जास्त वेळ रक्तात राहिले की चरबी साठते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, असा त्यातला विचार. व्याख्यानांना सभागृहे भरत. पैसा लागत नाही, पावडर विकत घ्यावी लागत नाही, म्हणून आमच्यासारख्यांना तो मार्ग पटला. मीच महिला मंडळात त्याची माहिती सांगितली होती. ताईंनी त्यावर आपली भर घातली. दोन वेळा जेवायचे, आणि त्यातही अर्धीच भाकर.

एक गोष्ट मात्र मी सांगताना गाळली. डॉ. दीक्षित सुरुवात करण्यापूर्वी रक्त तपासून घ्यायला सांगतात, उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी. तपासणीला पैसे लागतात, बायका मागे हटतील, असा मी विचार केला. हा माझा शहाणपणा.

ताईंनी वही लिहिली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण अशी वही मी आमच्या कचेरीतही पाहिली नाही. अर्धी भाकर, वाटीभर वरण, अंबाडीची भाजी, ठेचा, बिनसाखरेचा चहा. शाळेतील खिचडीची चव घेतली तर "खिचडी, चमचा एक" हेही लिहिलेले. मी बी.कॉम. झालेली, वीस वर्षे जमाखर्च लिहिणारी. एका रविवारी बेरीज करायला बसले. रोजचे सरासरी 1300 कॅलरी भरले. शाळेत मुलांची वजने ज्या काट्यावर घेतात त्याच काट्यावर ताईंनी दर सोमवारी वजन केले होते. चार आठवड्यांत 64 चे 68 किलो.

आता भगिनींनो, हा हिशोब माझ्यासोबत करा. शरीरात एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे 7700 कॅलरी जास्त खाव्या लागतात. आठवड्याला एक किलो, म्हणजे रोज 1100 जास्त. कष्टाचे मध्यम काम करणाऱ्या बाईची रोजची गरज हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली 2130 कॅलरी धरली आहे. दोन्ही मिळून 3230. वहीत आहेत 1300. फरक 1930. शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण 340 कॅलरी असतात. म्हणजे ही बाई रोज पावणेसहा भाकरी चोरून खात असली पाहिजे, महिनाभर, एकही दिवस न चुकता. इतक्या भाकरी चोरून खायला चूलसुद्धा चोरून पेटवावी लागेल, आणि पिठाचा डबा तर सासूबाईंच्या ताब्यात!

कचेरीत ताळा लागत नसेल तर रक्कम उचंती खात्यात टाकतात आणि शोध सुरू ठेवतात. कारकुनाला लगेच चोर ठरवत नाहीत. बाईच्या बाबतीत मात्र आपण आधी चोर ठरवतो.

याची दुसरी बाजूही खरी आहे, ती लपवून चालणार नाही. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 1992 साली, "आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या दहा जणांचे खाणे नीट मोजले. ते सांगत होते त्यापेक्षा जवळजवळ दुप्पट खात होते. ती माणसे खोटारडी नव्हती. फोडणीचे तेल, पोरांनी ताटात टाकलेला घास, दर घरी मिळणारा गोड चहा, हे कुणाच्या लक्षात राहते? तेव्हा वजन महिनोन् महिने हटत नसेल किंवा मुंगीच्या पावलाने वाढत असेल तर आधी वही जरूर पाहावी. पण अर्ध्या पोटी राहणाऱ्या माणसाचे वजन आठवड्याला किलो-किलोने चढत असेल, तर ती चरबी नसते. ते बहुतेक पाणी असते.

काटा किती ते सांगतो, काय ते सांगत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली लंडनचे डॉ. युडकिन यांच्याशी आपली तुलना 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! एकच आकडा, आत माल वेगळा. तसेच पाण्याचे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 साली, अमेरिकेत मिनेसोटा येथे डॉ. अँसेल कीज यांनी युद्धाला नकार देणाऱ्या 36 तरुणांना त्यांच्या संमतीने 24 आठवडे अर्धपोटी ठेवले. मुले हाडाडली, पण कित्येकांचे पाय सुजले, आणि त्या सुजेच्या पाण्यामुळे काट्यावर वजन घटलेले पुरते दिसेना. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगायला नको. दुष्काळात उपाशी माणूस सुजतो हे त्यांना ठाऊक आहे.

मग पाणी साठते कशाने? मी ताईंची नडगी अंगठ्याने दाबली. खळगा पडला आणि बराच वेळ भरला नाही. एवढी साधी तपासणी मी महिनाभर आधी केली असती तर! अशी सूज मूत्रपिंडाच्या आजारात येते, तेव्हा सकाळी डोळ्यांखाली फुगते आणि लघवीला फेस येतो. हृदय थकले तर येते, मग आडवे पडल्यावर दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात. अशा माणसाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर उद्यावर टाकायचे नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. थायरॉइड मंदावले तरी वजन वाढते, त्यातही मीठ-पाण्याचाच भाग मोठा असतो, सोबत थंडी वाजणे, मलावरोध, केस गळणे. फिटच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी, इन्सुलिनने, काहींना पाळणा लांबवण्याच्या इंजेक्शननेही वजन वाढते. ही औषधे आपल्या मनाने सोडायची नसतात, डॉक्टरांना सांगून बदलता येतात.

ताईंचे यातले काहीच नव्हते. उत्तर वहीतच होते. प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीवर त्यांनी लिहिले होते, "सकाळी पुडी एक." मी त्या ओळीपुढे दर वेळी शून्य कॅलरी लिहून पुढे गेले होते.

गुडघेदुखीची पुडी. बाजाराच्या दिवशी एक जण झाडपाल्याची म्हणून विकतो. महिन्याचे पैसे एकदम घेतो, कागदात बांधलेली करडी पूड देतो, वर नाव नाही की गाव नाही. ताईंना त्याच्याकडे मी पाठवले होते. माझ्या आईचे गुडघे त्याच पुडीने आठ दिवसांत मोकळे झाले होते, ती विहाराच्या पायऱ्या चढू लागली होती. असा गुण आल्यावर कोण चौकशी करतो?

सरकारी रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी ताईंचा चेहरा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "दुखण्यावर कसली पूड घेता का?" चेहरा चंद्रासारखा गोल, पोट पुढे, दंड मात्र काडीसारखे. पोटावर जांभळे चरे, हातावर जरा लागले की काळेनिळे. रक्तदाब वाढलेला, साखरही चढलेली. अमेरिकन डॉक्टर हार्वे कुशिंग यांनी शंभर वर्षांपूर्वी अशाच चेहऱ्याचे रुग्ण नोंदवले, म्हणून त्या रोगाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या रुग्णांत शरीरच कॉर्टिसोल नावाचा रस जादा बनवत होते. आपल्याकडे तो प्रकार क्वचित, पुडीतून येणारा नेहमीचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची औषधे कुटून झाडपाल्यात मिसळली की सांध्याची सूज जादू केल्यासारखी उतरते. दम्यासाठी, काही सांधेवातासाठी हीच औषधे डॉक्टरही देतात आणि जीव वाचवतात, पण ती मोजून आणि पाहून. पुडीत किती ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

ताईंच्या सकाळच्या रक्तात शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल जवळजवळ सापडले नाही. बाहेरून आयता माल येत राहिला म्हणून शरीराने आपला कारखाना बंद केला होता. म्हणून अशी पुडी घेणाऱ्या कुणीही हे वाचून ती आजच फेकून देऊ नये. एकदम बंद केली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणे, जीवावरही बेतते. पुडी कागदासकट डॉक्टरांकडे न्यावी. ते मापाची गोळी देऊन ती महिन्यांच्या हिशोबाने उतरवत नेतात.

डॉक्टरीणबाई आणखी एक सांगून गेल्या आणि ते माझ्या मनातून जात नाही. या औषधाने भूक भडकते. म्हणजे ताई अर्ध्या भाकरीवर राहिल्या तेव्हा त्यांच्या पोटात नेहमीपेक्षा जास्त आग होती. त्या आगीत उभे राहून त्यांनी दोनशे पोरांची खिचडी शिजवली आणि एक चमचा खाल्ला तोही लिहून ठेवला.

मी वही घेऊन त्यांच्या घरी गेले. पावणेसहा भाकरींचा हिशोब सासूबाईंना समजावून सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले, काही बोलल्या नाहीत. उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि सुनेच्या ताटात अख्खी भाकर वाढली. ताईंच्या पायाची सूज आता उतरली आहे, चेहरा अजून गोल आहे. काटा पाहायचा नाही असे डॉक्टरांनीच सांगितले आहे.

आणि माझी आई. तिची पुडी तीन वर्षांची. तिला पटवायला मला पंधरा दिवस लागले. गुडघे पुन्हा धरले आहेत, पायऱ्या बंद झाल्या, विहारात आता आम्ही तिला खुर्चीवर बसवतो. रोज सकाळी ती विचारते, "माझी पुडी आणलीस का गं?" मी तिच्या हातावर अर्धी गोळी ठेवते. येत्या महिन्यात तिची पाव होणार आहे.