घोडबंदर रोडच्या महागड्या शोरूममध्ये जाताय? बोर्डावरच्या किमतीत गाडी घरी येत नाही

ठाणे : उत्तन, नायगाव, वसईच्या कोळीवाड्यांतून ठाण्याला यायचे तर घोडबंदर रोड चुकत नाही. गायमुखचा घाट मागे पडला की माजिवड्यापर्यंत टॉवर, मेट्रोचे खांब आणि मध्येच काचेच्या गाड्यांच्या शोरूम. याच खाडीत पूर्वी अरबी घोडे उतरायचे, म्हणून नाव घोडबंदर, असे सांगतात. तेव्हा घोडे उतरवणारे वेगळे आणि बसणारे वेगळे होते. आता तसे राहिलेले नाही. २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावातल्या एका बोटीला १५७ घोळ मासे लागले आणि लिलावात सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. कुठे जागेचेही पैसे येतात. मग घरातली पोरं मर्सिडीज, बीएमडब्ल्यूचे नाव काढतात.

पहिली अडचण दारातच. कपडे बघून कोणी विचारणार नाही, या भीतीने माणूस आत जात नाही. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातल्या तुमकूरला तसेच घडले होते. पिकअप घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला सेल्समनने हिणवले, तर तो तासाभरात दहा लाखांची सोय करून परत आला. व्हिडिओ देशभर फिरला. ऐकायला झकास, पण तसे नोटा घेऊन जाण्यात अर्थ नाही. २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोकड घ्यायला मनाई आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो, त्यामुळे शोरूमवालाच नको म्हणेल. पैसे बँकेतूनच द्यायचे. पॅन कार्ड लागतेच. गाडी नुसती बघायला मात्र काहीच लागत नाही. लायसन्स खिशात असेल तर टेस्ट ड्राइव्ह मागायला लाजू नये, तिचे पैसे पडत नाहीत.

आता खरा मुद्दा. बोर्डावर असते ती एक्स-शोरूम किंमत. जीएसटी तिच्यात धरलेला असतो, मोठ्या गाड्यांना सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. पण आरटीओचा कर वेगळा. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. म्हणजे ६० लाखांची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तरी ७ लाख ८० हजारांच्या आसपास कर, डिझेल असेल तर ९ लाख. वर १ टक्का टीसीएस, म्हणजे ६० हजार. हे पैसे बुडत नाहीत, आयकर रिटर्न भरले की हिशेबात धरले जातात. रिटर्नच न भरणाऱ्याचे मात्र अडकतात.

त्यात विमा आला. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचा दर विचारून मग बोलावे, आकडा बराच खाली येतो. हँडलिंग, ॲक्सेसरीज असे काही लिहिले असेल तर ते कशाचे, हे विचारावे. सगळे कोटेशन कागदावर मागावे. तोंडी आकडा धरू नये.

कर्जाचे गणित दर्याच्या माणसाला वेगळे पडते. ४० लाख, पाच वर्षे, ९ टक्के व्याज धरले तर महिन्याला सुमारे ८३ हजारांचा हप्ता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट किनाऱ्याला. हप्ता बंद होत नाही. दोन महिन्यांचे दीड लाखाच्या वर पैसे आधीच बाजूला काढता येत नसतील, तर गाडी छोटी बघावी.

आणि खारे पाणी. भरतीच्या वेळी गल्लीत पाणी येते तिथे खाली बसलेली सेडान परवडत नाही. पाणी इंजिनात गेले तर साधा विमा सहसा भरपाई देत नाही, ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळे घ्यावे लागते. अशा गाडीचा एखादा सुटा भागही लाखाचा असू शकतो. सर्व्हिसचा वर्षाचा खर्च विचारून तोही लिहून घ्यावा.

बुकिंग करताना रद्द केल्यास किती पैसे परत, हे पावतीवर लिहून घ्यावे. ताबा घेताना चॅसी नंबर आणि गाडी बनल्याचा महिना-वर्ष बिलाशी जुळवून बघावे. मागच्या वर्षीची गाडी असेल तर सूट मागावी.