कृष्णविवरांची वाट : गोल की लांबट?

आज आभाळातलं बोलू.

खूप मोठा तारा आयुष्याच्या शेवटी स्वतःतच कोसळला, की त्याचं कृष्णविवर होतं. त्यातून उजेडही सुटत नाही. अशी दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एक होतात, तेव्हा गुरुत्वीय लहरी उठतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी त्या पहिल्यांदा टिपल्या.

फिरण्याची वाट बांगडीसारखी गोल असते, नाहीतर दाबल्या गेलेल्या बांगडीसारखी लांबट. या लांबटपणाला उत्केंद्रता म्हणतात. जोडी कशी जमली, याची खूण त्यात असते.

जन्मापासून सोबत असलेल्या दोन ताऱ्यांची कृष्णविवरं फार दीर्घ काळ फिरतात. लहरींवाटे ऊर्जा जाते, वाट आखडत जाते आणि गोल होते. ताऱ्यांच्या दाट गर्दीत मात्र दोन परकी कृष्णविवरं एकाएकी जवळ येऊन अडकू शकतात. त्यांतल्या काही इतक्या लवकर एक होतात, की वाट गोल व्हायला वेळच मिळत नाही.

शितावरून भाताची परीक्षा इथे होत नाही. गर्दीत जमलेल्या बऱ्याच जोड्याही शेवटी गोलच फिरतात. म्हणून पुष्कळ जोड्या पाहून त्यांत लांबट किती, हे मोजावं लागतं.

त्यासाठी यंत्रंही जास्त हवीत. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ असं यंत्र उभं राहणार आहे. केंद्राने २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली. दहावीनंतर लेक विज्ञान शाखा मागेल, तेव्हा हे आठवा.