परदेशी शिकायला जायचं, पण कशासाठी?

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला की घरात पेढ्यांच्या पुड्याबरोबर एक प्रश्नही येतो, ‘पुढे काय?’ पूर्वी आपल्या सोलापुरात या प्रश्नाची उत्तरं ठरलेली असत. मुलगा हुशार असला तर डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, बेताचा असला तर बी.कॉम. होऊन बँकेत किंवा घरच्या कारखान्यात. आणि मुलगी असली तर स्थळ जमेपर्यंत बी.ए.! आता मात्र चित्र पालटलं आहे. चादरीचे चार माग चालवणाऱ्या घरातही ‘जर्मनीला पाठवावं म्हणतोय’ असं सहज ऐकू येतं. ऐकून बरं वाटतं. आपल्या मुलांनी मोठी झेप घ्यावी असं कोणत्या आईला वाटणार नाही?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. पालकसभा संपली की दोघी-चौघी आया थांबतात आणि हळूच विचारतात, ‘बाई, कुठला देश चांगला?’ त्या वेळी मी उलट विचारते, ‘काय शिकायचंय त्याला? आणि शिकून काय करायचंय?’ बहुतेकींकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं. देश आधी आणि विषय मागाहून, हा क्रमच उलटा आहे. लुगडं घ्यायला निघालेली बाई आधी दुकानाची पाटी बघत नाही, पोत बघते. मग लाखो रुपयांच्या आणि मुलांच्या आयुष्यातल्या मोलाच्या वर्षांच्या खरेदीत आपण पाटीला का भुलावं?

आनंदीबाईंचं उत्तर

परदेशी शिक्षण म्हटलं की डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८८३ साली वयाच्या अठराव्या वर्षी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, हे आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. पण निघण्याआधी त्यांनी काय केलं, तिकडे आपलं लक्ष जात नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, बरं का!) कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केलं आणि ‘मी अमेरिकेला का जाते’ हे लोकांपुढे मांडलं. इथल्या बायकांना स्त्री-डॉक्टरची गरज आहे, आणि ते शिक्षण आपल्याला इथे नीट मिळण्याजोगं नाही, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. स्वतःचं तान्हं मूल दहा दिवसांत गमावलेल्या आईचा तो निश्चय होता.

पाहा, ‘कशासाठी?’ आणि ‘इथे का नाही?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांच्याजवळ तयार होती. देश त्यानंतर ठरला. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूकही ठरली होती. परंतु परदेशात जडलेल्या क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ध्येय कितीही मोठं असो, थंडी, आहार आणि प्रकृती यांची तरतूद आधी हवी, हा त्यांच्या आयुष्यातला दुसरा, मन दुखवणारा धडा.

आधी घराजवळ पाहा

आता ‘इथे का नाही?’ हा प्रश्न आपणही विचारू या. सोलापूर म्हणजे काही आडगाव नव्हे. दयानंद महाविद्यालय १९४० पासून आहे. डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ निघालेलं वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं, वालचंद तंत्रशास्त्र संस्था १९८३ ची. २००४ साली तर आपल्या एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झालं. पूर्वी मार्कशीटच्या कामासाठी कोल्हापूर गाठावं लागे, ते वाचलं. आज ते विद्यापीठ पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव लावतं.

मुलींच्या आयांनी तर एक गोष्ट कानाला गाठ मारून ठेवावी. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा इतर मागास प्रवर्गातली हवी, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र आपल्यालाच करावा लागतो. तेव्हा ‘मुलीला इंजिनिअरिंग कुठून परवडणार?’ असं म्हणण्याआधी उत्पन्नाचा दाखला काढा!

माझं सरळ मत असं की, बहुतेक घरांनी पहिली पदवी इथे आणि दुसरी, जमल्यास, बाहेर हा मार्ग धरावा. यात तीन फायदे आहेत. पहिला, खर्च तीन-चार वर्षांऐवजी एक-दोन वर्षांचाच होतो. दुसरा, बहुतेक शिष्यवृत्त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी असतात. आणि तिसरा, सतरा वर्षांच्या पोराला स्वतःची आवड नेमकी कळलेली नसते, ती एकवीस-बावीसपर्यंत कळते. तोपर्यंत एखादं वर्ष नोकरी केलेली असली तर सोन्याहून पिवळं.

स्वयंपाकघरातला हिशेब

महिन्याचा किराणा आपण पै-पैचा हिशेब करून भरतो. तोच हात इथे चालवायचा. एका बाजूला फी लिहा. तिच्याखाली राहणं-खाणं, विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा, इंग्रजीची परीक्षा, अर्जांची फी, गरम कपडे हे सगळं लिहा. ‘तिथे फी नाही’ एवढं ऐकून हुरळून जाऊ नका.

जर्मनीचंच उदाहरण घ्या. तिथली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणीची फी घेत नाहीत, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य २०१७ पासून आपल्यासारख्या बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सहामाहीला १,५०० युरो घेतं. शिवाय वर्षभराच्या खर्चाची रक्कम एका बंद खात्यात आधी भरून दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो झाली. एक युरो शंभर रुपये धरला तर हे झाले जवळजवळ १२ लाख! ते पैसे महिन्याकाठी मुलाला खर्चायलाच मिळतात, बुडत नाहीत. पण आधी उभे तर करायला हवेत ना? आपल्या मुलांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून तिथल्या व्हिसासाठी कागदपत्रांच्या तपासणीचं एपीएस प्रमाणपत्रही लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून तयारी वर्षभर आधी सुरू करावी.

आता कर्ज. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज सरकारच्या हमी योजनेखाली तारणाशिवाय मिळू शकतं. त्यापुढे बँका सहसा घर, जागा किंवा ठेव तारण मागतात. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नसतो, हे ऐकून आपण निर्धास्त होतो. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही! समजा, २० लाख काढले आणि व्याज १० टक्के. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढचं एक वर्ष, म्हणजे तीन वर्षांत सरळ व्याजच ६ लाख चढलं. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तर थोडं कमी, इतकंच. मग २६ लाख दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याला साधारण ३४ हजारांचा हप्ता बसतो.

आता स्वतःला विचारा, मुलाला तिकडे नोकरी लागली नाही आणि तो परत आला, तर हा हप्ता इथल्या पगारातून निघेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर राहतं घर आणि चालता कारखाना तारण ठेवू नका. तिथे कर्ज कमी करा, देश बदला नाहीतर वर्षभर थांबा. मुलाच्या शिक्षणापायी म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या डोक्यावरचं छप्पर पणाला लावणं याला धाडस म्हणत नाहीत.

नोकरीच्या मुदतीही बदलत असतात. ब्रिटनमध्ये पदवीनंतर काम शोधायला दोन वर्षं मिळत. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना, पीएच.डी. वगळता, दीडच वर्ष ठरलं आहे. तेव्हा गेल्या वर्षी गेलेल्या भाच्याचा अनुभव यंदा आपल्या मुलाला लागू पडेलच, असं नाही.

डॉक्टरकीच्या वाटेवर जपून

इथे जागा मिळाली नाही की ‘बाहेरून एम.बी.बी.एस. करू’ असा विचार पुढे येतो. त्यात काही वाईट नाही. पण नियम आधी वाचा. २०१८ पासून बाहेर जाणाऱ्यालाही ‘नीट’ उत्तीर्ण व्हावं लागतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिथला अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा. त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच पुरी करायची. परत आल्यावर इथली परीक्षा द्यायची आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप करायची. यातला एक दुवा निसटला तर हातात पदवी असूनही इथे दवाखाना उघडता येत नाही.

२०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा आपली हजारो मुलं अर्धवट शिक्षण टाकून परतली. सरकारने विमानं पाठवून त्यांना आणलं. पण अडलेली वर्षं कोण आणून देणार? अशी वेळ सांगून येत नाही. म्हणून स्वस्त फीबरोबर त्या देशाची परिस्थितीही पाहावी.

शिष्यवृत्ती आणि तिच्या अटी

बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिच्यासोबत परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धं टाकून १९१७ मध्ये त्यांना परत यावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, मित्राने कर्ज दिलं, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. शिक्षणात खंड पडला म्हणजे सगळं संपलं असं नव्हे, हे मुलांना जरूर सांगा. आणि शिष्यवृत्तीच्या कागदावरची बारीक अक्षरंही वाचायला सांगा.

आज शाहू महाराजांच्याच नावाने राज्याची परदेश शिष्यवृत्ती आहे. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएच.डी.साठी मिळते. इतर मागास, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गातल्या गरजू मुलांसाठी राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व भटक्या-विमुक्त जमातींबरोबरच भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला निधी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी बदलतात, म्हणून दर वर्षीची जाहिरात नव्याने वाचावी.

मध्यस्थांबद्दल दोन शब्द. सगळेच फसवे नसतात. पण २०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर परत धाडले जाण्याची वेळ आली, कारण त्यांची प्रवेशपत्रंच बनावट असल्याचं तिथल्या सरकारने म्हटलं. म्हणून कॉलेजचं नाव त्या देशाच्या सरकारी यादीत स्वतः पाहा, प्रवेशपत्राची खात्री थेट कॉलेजकडून करून घ्या. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नका, कोऱ्या कागदावर सही करू नका, पावतीशिवाय पैसे देऊ नका.

मुलगी असली तर?

खरी कसोटी इथे लागते. मुलासाठी घर गहाण टाकायला निघालेला बाप मुलीच्या बाबतीत म्हणतो, ‘लग्न करून नवऱ्याबरोबर जाऊ दे.’ मैत्रिणींनो, नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बाईला तिथे नोकरी करता येईलच असं नाही. स्वतःच्या पदवीवर गेलेल्या मुलीच्या पायाखाली तिची स्वतःची जमीन असते. आपण तिच्या जन्मापासून एकेक ग्रॅम सोनं जमवतो. ते मोडून तिची फी भरली तर ते सोनं वाया गेलं असं का मानावं? ज्या मापाने मुलाचा हिशेब केला, त्याच मापाने मुलीचा करा. आवड, गुण, खर्च आणि पुढचं काम पाहा. मग उत्तर ‘जा’ येवो की ‘इथेच शीक’ येवो, ते न्यायाचं असेल.

जायचं ठरलंच, तर मुलगा असो वा मुलगी, वरण-भात, भाजी, पोळी करायला, कपडे धुवायला आणि महिन्याचा जमाखर्च लिहायला सहा महिने आधी शिकवा. शेंगाचटणीचा डबा महिनाभर पुरेल, हात आयुष्यभर पुरतील. आरोग्य विम्याचे कागद स्वतः वाचा. आणि विमानतळावर डोळे पुसण्याआधी एक वाक्य जरूर बोला : ‘नाहीच जमलं तर परत ये, दार उघडं आहे.’ कर्जाच्या आणि लोकलाजेच्या ओझ्याखाली कितीतरी मुलं तिकडे मुकाट्याने कुढत बसतात. आईचं हे वाक्य त्यांच्याजवळ असलं तर ती वेळीच बोलतील.

तेव्हा या आठवड्यात एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर मुलाकडून, मुलीकडून त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या : मला काय शिकायचंय, कशासाठी, आणि ते इथे का नाही. ते पान भरेपर्यंत कुणालाही एक रुपया देऊ नका.